एक थेंब वर

गौरी-गणपती आटोपले, घरातला झेंडूचा आणि केळीच्या पानांचा वास ओसरला, की भाद्रपदाच्या शेवटाला चार दिवस असं ऊन पडतं की अंगणातलं शेवाळ कडेकडेनं करपायला लागतं. किहीमला ह्या उन्हाची सगळे वाट पाहतात. कुणी गोधड्या बाहेर काढतं, कुणी लोणच्याच्या बरण्या. मी आढ्याला टांगलेली मासे धरायची गरीची काठी खाली काढते. दोन तुकड्यांत असते ती, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. फडकं सोडलं की मी आधी डोळ्यांनी बघत नाही, अंगठ्याच्या पोटानं बघते. दोऱ्याच्या प्रत्येक पट्टीवरून अंगठा फिरवते. गुळगुळीत आहे. दर वर्षी असते. तरी दर वर्षी बघते.

शेजारची नवी सून परवा कुंपणापाशी थांबून विचारत होती, आजी, तुमच्या घरात मासे कोण गरवायचं. मी म्हटलं, मीच. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी फिरकी घेतेय. खरं सांगायचं तर ह्या काठीनं मी खडकावर जाऊन जे काही धरलं, त्यात मासे थोडे आणि दगडात अडकून तुटलेले गळच जास्त. पण तिच्या प्रश्नाला दुसरं खरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

मी मूळची म्हसळ्याकडची. भाताची खाचरं, मागं डोंगर, पुढं डोंगर. समुद्र ऐकून माहीत होता. लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, सातवी पास, आणि आमच्या घराण्यात सातवी पास झालेली पहिलीच मुलगी. माहेरचं नाव यमुना. लग्नात ताटभर तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, सुनंदा. मुंबईत राहून आल्यामुळे त्यांना यमुना हे नाव जुनाट वाटत होतं. ताटातले तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले, नाव तेवढं राहिलं.

त्यांचं नाव मी सांगत नाही. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि रीत ज्या माणसासाठी पाळायची तो माणूस निघून गेला तरी जिभेची सवय जात नाही. उभ्या जन्मात मी ते एकदाच लिहिलं, तेही काठीवर. ते कसं, हेच आज सांगायला बसले आहे.

घरात आम्ही दोघंच. मी आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा मुंबईला मोटारीच्या कारखान्यात, शिमग्याला आणि गणपतीला येणारा. पहिली दोन वर्षं आले. मग शिमगा सुटला. मग एका वर्षी गणपतीही सुटले. सासरे किनाऱ्यावरच्या एका बंगल्याचे राखणदार होते. उंच, वाळलेला माणूस, कानावर पांढऱ्या केसांचे झुबके. दिवसभर बंगल्यात, जेवायला आणि झोपायला घरी.

आता सासऱ्यानं सुनेशी तोंडावर बोलायचं नाही, सुनेनं तर नाहीच नाही, अशी आमच्याकडची चाल. भरल्या घरात ती निभावते. मध्ये सासू असते, नणंद असते, निरोप इकडून तिकडे जातात. आमच्या घरात मध्ये फक्त मांजर होतं. म्हणून सासरे मांजराशी बोलायचे. ओटीवर बसून म्हणायचे, "मने, उद्या पेज जराशी लवकर व्हायला हवी." मी चुलीपुढून ऐकायची. मलाही काही सांगायचं असलं की मी म्हणायची, मने, तांदूळ संपत आलेत गं. मनी दोन्हीकडचं ऐकून घ्यायची आणि कुणालाच उत्तर द्यायची नाही. चार वर्षांत सासऱ्यांनी मला एकदाही हाक मारली नव्हती. माणूस वाईट नव्हता, उलट फार भला होता. पण भल्या माणसाच्या घरातसुद्धा किती एकटं वाटू शकतं, ते मी तिथं शिकले. पावसाळ्यात बंगले बंद, होड्या वर ओढलेल्या, शेजार शेतात. समुद्राची गाज चोवीस तास. कधी कधी मी मोठ्यानं कविता म्हणायची, शाळेत पाठ केलेल्या, केवळ आपला आवाज अजून शाबूत आहे ना हे बघायला.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराची गोष्ट. आषाढ सरता सरता पत्र आलं. पोस्टमन ओला चिंब, पत्र त्याच्या टोपीत कोरडं. एकच पान, पण दोन्ही बाजूंनी भरलेलं, समासातसुद्धा आडवं लिहिलेलं. सासऱ्यांना अक्षरओळख नव्हती. ते ओटीवर बसले, मांजराला मांडीवर घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पत्र आधी मनातल्या मनात वाचलं.

त्यात लिहिलं होतं की मुंबईत त्यांनी दुसरं घर केलं आहे. बाई आहे, मूल आहे. आता किहीमला येणं व्हायचं नाही. माझा काही दोष नाही असंही होतं, चांगल्या चार ओळी भरून होतं. आणि शेवटी, बाबांना सांगून तू म्हसळ्यास जावे, ते पोचवतील.

म्हसळ्याला माझ्या भावाचं घर. दोन खोल्या, सहा पोरं, आणि वहिनी. मी दारात उभी होते. समोर म्हातारा मांजराच्या पाठीवर हात फिरवत वाट पाहत होता. मग हात थांबला, मांजराच्या मानेवर. मी वाचलं, "मी खुशाल आहे. सर्वांनी प्रकृतीस जपावे." तिथं थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या तोंडून आणखी एक वाक्य गेलं. "गणपतीला येतो." पत्राची घडी घातली आणि आत जाऊन ते तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसलं.

सासऱ्यांनी मांजराला मांडीवरून खाली ठेवलं. थोड्या वेळानं उठले आणि शिडी लावून आढ्यावरून काठी काढली.

ह्या काठीला इतिहास आहे. बंगला आधी एका इंग्रज साहेबाचा होता. साहेबाला गरवायचा भारी नाद, आणि त्याच्या काठ्यांची देखभाल सासऱ्यांकडे. बांबूच्या सहा चिरफळ्या एकमेकींना चिकटवून केलेली काठी, तिच्यावर तारेच्या बारीक कड्या, कड्या बसवायच्या रेशमी दोऱ्याचे वेढे देऊन, आणि त्या वेढ्यांवर रोगण. रोगण नसलं तर खारं पाणी दोरा खातं. हे सगळं साहेबानं त्यांना हाताला धरून शिकवलं. देश स्वतंत्र झाला त्या साली साहेबानं बंगला विकला आणि जाताना एक काठी सासऱ्यांना दिली. त्यांनी ती मुलाला दिली. त्या मुलानं तिच्यावर खाडीच्या तोंडाशी जिताडा काढला. अख्ख्या आळीनं तो खाल्ला. जिताड्याची ही गोष्ट मनीनं माझ्यादेखत शंभर वेळा ऐकली असेल, आणि दर खेपेला मासा वीतभर वाढायचा. मुलगा मुंबईला गेल्यापासून काठी आढ्याला. दोरे कुजलेले, रोगणाचे पापुद्रे निघालेले.

दुसऱ्या दिवशी ओटीवरून आवाज आला. "मने, घरात कुनाची बोटं बारीक हायत का बघ. माझी आता ऐकत न्हाईत." बोटं ऐकत नव्हती हे खरं होतं. सुईत दोरा ओवताना थरथरायची. मी पदर डोक्यावर ओढून बाहेर आले आणि काठीच्या दुसऱ्या टोकाशी बसले. सासऱ्यांसमोर अशी मी कधी बसले नव्हते. मध्ये सात फूट बांबू होता, त्यामुळे तेवढी मर्यादा राहिली असं मी मानून घेतलं.

वेढे देणं मला लवकर जमलं. रिळाचा दोरा एका जाड पुस्तकाच्या पानांतून घ्यायचा म्हणजे त्याला ताण राहतो. बंगल्यातून सासऱ्यांनी असं एक पुस्तक आणलं होतं. काठी आपल्याकडे फिरवायची, दोरा आपोआप बसत जातो, एकाला एक लागून. मध्ये फट राहिली तर नखानं सरकवायची. आणि गाठ कुठंही मारायची नाही. सुरुवातीचं टोक पहिल्या वेढ्यांखाली दाबायचं, शेवटचं टोक दुमडलेल्या दोऱ्याच्या फाशात ओवून शेवटच्या वेढ्यांखालून ओढून घ्यायचं. दोराच दोऱ्याला धरून ठेवतो. मला ह्याचं फार नवल वाटायचं. लग्नात भटजींनी माझ्या पदराला चांगली करकचून गाठ मारली होती. तिचं काय झालं, ते तांदळाच्या डब्यात होतं.

सात कड्या, चौदा पट्ट्या. दिवसाला दोन झाल्या तरी खूप. त्या दिवसांत मी सुखी होते, हे सांगताना आजही मला लाज वाटते. ज्या माणसानं मला टाकलं होतं त्याची काठी सजवत होते, ज्या माणसाला मी फसवत होते त्याच्या समोर बसून. आणि तरी सकाळी उठल्यावर दिवसाला काही काम आहे, कुणीतरी समोर बसणार आहे, एवढ्यानंच बरं वाटायचं. म्हातारा हिरवा दोरा की तांबडा ते मांजराला विचारायचा. मी मांजराला सांगायची, हिरवा.

रोगणाची मात्र अडचण होती. साहेबाच्या वेळचं रोगण म्हणजे जवसाचं तेल आणि राळ, पावसाळ्यात ते वाळता वाळत नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बंगल्याचे नवे मालक, मुंबईचे गुजराती सेठ, गळती बघायला एक दिवस आले. त्यांनी काठी बघितली आणि मुंबईहून रेवसच्या लाँचवर दोन लहान बाटल्या पाठवून दिल्या. नवं रोगण. इपॉक्सी हा शब्द मी पुष्कळ वर्षांनी ऐकला, आमच्या घरात ते दोन बाटल्यांचंच रोगण राहिलं. एका बाटलीतलं मधासारखं, दुसरीतलं पातळ आणि माशाच्या जुन्या तेलासारखा वास मारणारं. वेगवेगळी ठेवली तर वर्षभर तशीच राहतात, एकत्र केली की काही तासांत दगड. सेठनी निरोप्याकडून एकच गोष्ट बजावून सांगितली होती, दोन्ही अगदी सारखी घ्यायची. आणि लावल्यावर चार तास काठी गोल फिरवत राहायची, नाहीतर ओघळ खाली जमून गाठोडी होतात.

रोगणाआधी नाव. साहेबाच्या काठ्यांवर मुठीच्या वर काळ्या शाईनं मालकाचं नाव असायचं आणि त्यावर रोगणाचा थर, म्हणजे ते कधी पुसलं जात नाही. सासऱ्यांनी टाक आणि दौत माझ्यापुढे सरकवली. "मने, त्याचं नाव घालायचं हाय." मी बराच वेळ टाक धरून बसले. नाव घ्यायचं नाही, असं सगळे सांगतात. लिहायचं नाही, असं कुणी सांगितलेलं नव्हतं. मी लिहिलं. तीन अक्षरं. अक्षर माझं चांगलं आहे, चांगलंच आलं.

मग सासऱ्यांनी एका शिंपलीत पहिल्या बाटलीतलं रोगण ओतलं. दुसऱ्या शिंपलीत दुसरीतलं, तेवढंच. आणि बाटली उभी करता करता थांबले, तिरकी केली आणि वर थोडं आणखी ओतलं.

ते कशामुळे, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तांदूळ मोजून द्यायचे तर पायलीला शीग लावून द्यायचे. मापाच्या काठाशी हात फिरवून सपाट करून देणारा माणूस कद्रू. कोळीण वाटा विकते तेव्हासुद्धा वर दोन बोंबील टाकतेच. मुलाच्या काठीचं रोगण, आणि बरोब्बर मापात घालायचं? सासऱ्यांचा हातच तसा नव्हता. मला सेठचं बजावणं आठवत होतं. मी बघितलं, मला कळलं, आणि मी गप्प बसले. सुनेनं सासऱ्याला चुकलात म्हणायचं कसं? निदान मांजराला तरी सांगायला हवं होतं.

दुपारची जेवणं आटोपून आम्ही बसलो. मऊ पिसांच्या कुंचल्यानं मी रोगण लावलं. दोऱ्याचा हिरवा रंग एकदम गडद झाला, पाण्यात भिजल्यासारखा. बारीक बुडबुडे आले की सासरे वाकून, तोंड उघडं ठेवून, त्यावर नुसता श्वास सोडायचे, चष्म्याच्या काचेवर सोडतात तसा. ऊब लागली की बुडबुडा फुटायचा. मग दोन टोकांना दोघं, आणि काठी हळूहळू फिरती. चार तास. बाहेर झावळ्यांवरून पाणी निथळत होतं. मी फिरवलेली काठी त्यांच्या हातात कळत होती आणि त्यांची माझ्या हातात. एवढा शेजार मला त्या घरात कधी मिळाला नव्हता.

रोगण सकाळी चिकट होतं. पाऊस आहे, उद्या वाळेल. उद्याही चिकट. आठ दिवसांनी चिकट. वर दुधासारखी साय आली. त्यात एक चिलट अडकलं, मग मनीचे दोन केस, मग चुलीची राख. सासरे रोज सकाळी अंगठा लावून बघायचे आणि रोज अंगठा धोतराला पुसायचे. "सुकंल," ते म्हणायचे. "तो यील तवर सुकंल."

गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईचे लोक रेवसहून येऊ लागले. डोक्यावर ट्रंका, हातात बत्तासे, पोरांच्या गळ्यात नव्या शिट्ट्या. सासरे सकाळपासून कुंपणाच्या फाटकाशी उभे. येणारा प्रत्येक जण त्यांना राम राम करून पुढे जात होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची पाठ बघत होते. ती पाठ मी तिथं उभी केली होती. दोन शब्दांनी. मोदकाचं सारण ढवळता ढवळता मला इतकं रडू आलं की सारण खारट झालं असेल. दुपार टळली तेव्हा ते आत आले, पाय धुतले आणि म्हणाले, "मने, बोटीला गर्दी असंल."

दीड दिवसाचे गणपती गेले. गौरी गेल्या. मी रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज वाटायचं, सांगितलं की म्हसळ्याची वाट. खोटं उघडं पडायची भीती होतीच, पण खरी भीती दुसरी होती. ह्या घरात मी कुणाची? नवऱ्यामुळे सून, सुनेमुळे चूल. नवराच नाही म्हटल्यावर ओटीवरच्या त्या बांबूच्या टोकाशी बसायचा मला काय हक्क? हे मी मांजरालासुद्धा बोलले नाही.

भातं पिकली. ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं, कापणी सुरू झाली, रेवदंड्याकडून सुकवलेल्या मासळीचा वास वाऱ्यावर यायला लागला. त्या उन्हातही काठी चिकटच. एक दिवस सासरे बंगल्यावरून लवकर परतले, चाकूला धार लावली आणि काठी मांडीवर घेतली. "उतरवाया लागंल समदं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही, कारण मनी तिथं नव्हती.

एकेक पट्टी त्यांनी कापली. माझे हिरवे वेढे चिकट लोळे होऊन जमिनीवर पडत होते. शेवटी मुठीवरचं नाव राहिलं. मला वाटलं, ते सोडतील. त्यांनी चाकूचं पातं आडवं धरलं आणि ती तीन अक्षरं खरवडली, सावकाश, बांबू पांढरा दिसेपर्यंत. तो हात थरथरत नव्हता.

पुन्हा सात कड्या, चौदा पट्ट्या. ह्या वेळी दोरा कुठला ते त्यांनी विचारलं नाही, मी हिरवाच घेतला. रोगणाच्या दिवशी मी एक तिसरी घेतली, आमटीतली जोड-शिंपली, धुऊन उन्हात सुकवलेली. तिची दोन्ही शकलं वेगळी केली आणि त्यांच्यापुढे ठेवली. एकाच तिसरीची दोन शकलं, ह्याहून सारखं माप कुठं मिळणार? त्यांनी दोन्ही भरली. बाटली उभी करताना हात पुन्हा थांबला. मी पदराआडून, खाली बघत, पण मांजराकडे न बघता म्हटलं, "वर नको, बाबा."

चार वर्षांतलं माझं त्यांच्याशी पहिलं वाक्य. त्यांनी बाटलीला बूच लावलं. मी नारळाच्या हिराच्या काडीनं दोन्ही शिंपल्यांचा काठ सपाट केला.

मग मी दौत उघडली. नाव घालायचंच होतं. टाक बुडवला आणि काठी जवळ ओढली.

"थांब."

मी वर बघितलं. ते माझ्याकडे बघत होते.

"त्याचं न्हाय घालायचं."

"मग कुणाचं?"

"तुजं."

माझ्या तोंडात सवयीनं तेच खोटं आलं. म्हटलं, ते शिमग्याला येतील तेव्हा काय म्हणतील. म्हाताऱ्यानं मान हलवली.

"पत्राचं पान दोनी बाजूंनी भरल्यालं व्हतं, पोरी. तू वाचलंस त्यात एक कोपरा न्हाय भरत. मला वाचता येत न्हाय. पन वेढे मोजून जन्म गेला माझा, किती दोऱ्याला किती जागा लागती ते कळतं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. शिडी लावली तेव्हाही त्यांना कळलेलं होतं, फाटकाशी उभे होते तेव्हाही. मी विचारलं, मग गणपतीला वाट का बघितलीत. ते म्हणाले, तू येतो म्हणालीस, म्हणून बघितली. मला रडू आलं आणि ह्या वेळी मी ते आवरलं नाही. त्यांनी काठी माझ्यापुढून हळूच बाजूला सरकवली. बांबूवर पाणी पडलं की रोगण दुधाळतं म्हणाले.

मग मी जे विचारायचं ते विचारलं. मला म्हसळ्याला कधी पोचवणार.

"काठी घेऊन म्हसळ्याला जातीस?" ते म्हणाले. "तिथं काय समुद्र हाय?"

मी डोळे पुसले. टाक सुकला होता, पुन्हा बुडवला. सुनंदा, मी म्हटलं, तीनच अक्षरं, मावतील का बघते. त्यांनी पुन्हा हात आडवा केला.

"ते त्यानं ठेवल्यालं. म्हसळ्यावरनं घेऊन आलीस ते घाल."

यमुना हे नाव त्यांनी लग्नाच्या याद्या होताना एकदा ऐकलं असेल, तेवढंच. मी ते लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, आजही दिसतं. रोगण लावलं, ते बुडबुड्यांवर श्वास सोडत पुढे पुढे सरकले. मनी कुठूनशी आली आणि काठीखाली, आमच्या दोघांच्या बरोब्बर मध्ये, अंगाचं वेटोळं करून झोपली.

ऊन उतरेपर्यंत आम्ही काठी फिरवत होतो. मध्ये ते म्हणाले, यमुने, तुज्या बाजूला जरा हळू. मी म्हटलं, बरं, बाबा. त्या दिवशी मांजराला कुणीच काही सांगितलं नाही.